सीआर: शेवटी दोनच पर्याय उरतात, तिथून पुढे काय?

निळी_शाई

क्रिटिकल रीझनिंगच्या (सीआर, म्हणजे छोट्या उताऱ्यातला युक्तिवाद तपासायचा) प्रश्नात पाचातले तीन पर्याय सहसा पटकन उडतात. खरा घोळ उरलेल्या दोनांत होतो. त्यासाठीच हा धागा. सुरुवातीला एक प्रश्न देते, त्यावरच बोलू म्हणजे चर्चा हवेत राहणार नाही.

उतारा: एका कारखान्याने गेल्या वर्षी रात्रपाळीत दर दोन तासांनी दहा मिनिटांची विश्रांती सक्तीची केली. आदल्या वर्षी रात्रपाळीत 40 अपघात झाले होते, गेल्या वर्षी 28 झाले. यावरून व्यवस्थापनाने निष्कर्ष काढला की विश्रांतीच्या नियमामुळे रात्रपाळीतलं काम अधिक सुरक्षित झालं.

पुढीलपैकी कोणतं विधान खरं असेल तर हा निष्कर्ष सर्वाधिक कमकुवत होतो?

अ) दिवसपाळीत असा नियम नव्हता, तरी गेल्या वर्षी तिथलेही अपघात काही प्रमाणात कमी झाले.
आ) गेल्या वर्षी रात्रपाळीतल्या कामाचे एकूण तास आदल्या वर्षीपेक्षा एक तृतीयांशाने कमी होते.
इ) दोन्ही वर्षी दिवसपाळीतले अपघात रात्रपाळीपेक्षा कमी होते.
ई) रात्रपाळीतल्या अनेक कामगारांना ही विश्रांती अनावश्यक वाटते.
उ) नियम लागू झाल्यावर रात्रपाळीचं ताशी उत्पादन थोडं घटलं.

उत्तर आ. पण अ मध्ये तर तुलनेसाठी सरळ दुसरा गट हातात दिलाय. तो कमी का पडतो?

---

खडूफळा

अ आणि आ एकमेकांशेजारी ठेवून बघू नका, दोघांनाही निष्कर्षासमोर उभं करा. निष्कर्षात दोन दावे आहेत: एक, काम अधिक सुरक्षित झालं; दोन, ते नियमामुळे झालं. पुरावा मात्र अपघातांच्या संख्येचा आहे. संख्येवरून सुरक्षिततेवर मारलेली उडी ही या उताऱ्यातली फट.

आता आ. समजा आदल्या वर्षी 30,000 तास काम झालं, गेल्या वर्षी 20,000. दर हजार तासांमागे अपघात आधी 1.33, नंतर 1.4. म्हणजे काम सुरक्षित झालंच नाही, उलट धोका किंचित वाढला. पहिलाच दावा कोसळला की दुसऱ्याला उभं राहायला जागा नाही.

अ फक्त दुसऱ्या दाव्याला हात लावतो, तोही हलकेच. 'काही प्रमाणात' म्हणजे 50 वरून 49 सुद्धा. एखाद्या सामाईक कारणाने दोन्हीकडे दोन टक्के घट झाली आणि उरलेली सगळी नियमाने झाली, असंही असू शकतं. व्यवस्थापन तेवढं मान्य करूनही आपलं म्हणणं कायम ठेवेल.

---

अर्धविराम

हे जरा सोयीचं वाटतं. कार्यकारणाच्या दाव्याला 'कारण नसतानाही परिणाम दिसला' असं दाखवणं हा अगदी ठरलेला वार आहे. अ मध्ये 'काही प्रमाणात' ऐवजी 'तितक्याच प्रमाणात' असतं तर?

---

खडूफळा

तर अ इतका भारी झाला असता की प्रश्नच बाद करावा लागला असता. म्हणून तर प्रश्न काढणाऱ्याने तिथे 'काही प्रमाणात' पेरलंय. चुकीचा पर्याय चूक का, हे त्याला कुणी विचारलं तर दाखवता आलं पाहिजे. त्यामुळे तो पर्यायात एक उसवलेला टाका मुद्दाम ठेवतो. आपलं काम तो टाका शोधायचं. तो बहुधा एखाद्या शब्दात असतो: प्रमाण दाखवणारा, काळ दाखवणारा, किंवा नेमकी कुणाबद्दल गोष्ट चाललीय ते सांगणारा.

---

उलटतपासणी

इ कडे कुणी बघितलं नाही, पण घाईत भरपूर मुलं तिथे पडतात. दिवसपाळीत अपघात *कमी होते* आणि रात्रपाळीत अपघात *कमी झाले* या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली पातळी, दुसरा बदल. निष्कर्ष बदलाविषयी असेल तर नुसती पातळी सांगणारा पर्याय त्याला धक्का देत नाही, आधारही देत नाही.

उ पण नीट वाचा. ताशी उत्पादन घटलं ही नियमाची किंमत झाली. नियम परवडतो का, असा निष्कर्ष असता तर उ कामाचा होता. इथे प्रश्न सुरक्षिततेचा आहे.

टक्केवारी आणि संख्या हाही याच घराण्यातला सापळा. एखाद्या वस्तूचा बाजारातला वाटा 10 टक्क्यांवरून 15 टक्के झाला म्हणजे विक्री वाढली असं नाही. एकूण बाजार 1000 नगांवरून 600 वर आला असेल तर विक्री 100 वरून 90 वर उतरली. दोन जवळच्या पर्यायांपैकी एक वाट्याबद्दल आणि दुसरा नगांबद्दल बोलत असेल, तर निष्कर्षात कोणता शब्द आहे ते बघा. निवाडा तिथेच होतो.

---

सावकाश

एक साधा नियम सांगतो: 'सर्व', 'फक्त', 'कधीच', 'एकही नाही' असे टोकाचे शब्द दिसले की पर्याय उडवायचा. निम्मे प्रश्न यातच सुटतात.

---

खडूफळा

@सावकाश, हा नियम अर्धा खरा आहे आणि म्हणूनच जास्त घातक. प्रश्नाचा प्रकार बघितल्याशिवाय तो लावता येत नाही.

'पुढीलपैकी कोणतं खरं असेल तर' अशी सुरुवात असते तेव्हा पर्याय खरा धरूनच चालायचं असतं. तिथे जोरकस पर्याय जास्त उपयोगी, कारण तो जास्त काम करतो. अशा प्रश्नात 'काही' हाच शब्द संशयास्पद, वरच्या अ सारखा. त्यालाही अपवाद आहे: निष्कर्षच 'सर्व'चा असेल तर 'निदान एक तसा नाही' एवढं मिळमिळीत वाक्यही त्याला आडवं करतं.

'उताऱ्यावरून काय निष्पन्न होतं' असं विचारलं की दिशा उलटी. इथे उतारा खरा आणि पर्याय सिद्ध करायचा. सौम्य वाक्य सिद्ध करायला सोपं म्हणून बरोबर उत्तर बहुतेकदा सौम्य असतं. पण उताऱ्यात 'फक्त सभासदांनाच प्रवेश' असं लिहिलेलं असेल, तर 'सभासद नसलेल्या एकालाही प्रवेश नाही' हे टोकाचं वाक्य बिनचूक निघतं. मोजायचं ते एवढंच, की पर्याय उताऱ्यापेक्षा जास्त बोलतोय का.

---

निळी_शाई

निष्पन्न होणाऱ्या प्रश्नांत जवळचे दोन पर्याय कसे असतात? एखादं उदाहरण द्याल का?

---

उलटतपासणी

उतारा: संस्थेतल्या निम्म्याहून अधिक कर्मचाऱ्यांना दोन भाषा येतात. संस्थेतले निम्म्याहून अधिक कर्मचारी परदेश दौरा करून आले आहेत.

क) दौरा करून आलेल्यांपैकी बहुतेकांना दोन भाषा येतात.
ख) दौरा करून आलेल्यांपैकी निदान एकाला दोन भाषा येतात.

क वाचायला झकास, सिद्ध होत नाही. 100 कर्मचारी धरा. 51 जणांना दोन भाषा येतात, 51 जण दौऱ्यावर गेले. दोन्ही मिळून 102, माणसं 100, म्हणजे कमीत कमी दोघं दोन्हीकडे असलेच पाहिजेत. पण तेवढे दोघंच असले तरी उतारा खरा राहतो. 51 पैकी 2 म्हणजे बहुतेक नव्हे. ख मात्र टळत नाही.

इथली रीत अशी: जो पर्याय आवडलाय तो खोटा ठरेल पण उतारा खरा राहील, असं एक चित्र उभं करायचा प्रयत्न करा. चित्र जमलं की पर्याय गेला. 10 किंवा 100 असे आकडे घेतले की हे पंधरा-वीस सेकंदांत होतं.

---

कोरा_कागद

अझम्प्शनच्या, म्हणजे युक्तिवादामागचं गृहीतक शोधायच्या प्रश्नांवर कुणी लिहिणार आहे का? जवळचे पर्याय सगळ्यात जास्त तिथेच त्रास देतात. उलटं करून बघण्याची युक्ती (पर्याय उलटा केल्यावर युक्तिवाद कोसळला तर तोच गृहीतक) माहीत आहे, पण ती वापरूनही चूक होते.

---

खडूफळा

युक्ती बरोबर आहे, उलटं करण्यात चूक होते. 'सर्व येतात'चं उलट 'कुणीच येत नाही' हे नव्हे. 'निदान एक येत नाही' एवढंच. बाकीचे असे:

'काही'चं उलट: एकही नाही.
'बहुतेक'चं उलट: निम्मे किंवा त्याहून कमी.
'क पेक्षा ख जास्त'चं उलट: ख जास्त नाही. बरोबरीही त्यात येते.
'होऊ शकतं'चं उलट: होणं शक्य नाही.
'जर क तर ख' याचं उलट: क असूनही ख नाही, असं घडू शकतं.

आता वापरून बघू. उतारा: वाचनालयाने उशिरा परत केलेल्या पुस्तकांवरचा दंड रद्द केला. दंडाच्या भीतीने लोक उशीर झालेली पुस्तकं परत करायलाच कचरत होते. त्यामुळे हरवली म्हणून नोंदवल्या जाणाऱ्या पुस्तकांची संख्या आता घटेल.

ग) परत करायला उशीर झालेल्या निदान काही सभासदांना दंड रद्द झाल्याचं कळेल.
घ) दंड नसल्यावर उशीर झालेली सर्व पुस्तकं परत येतील.

घ उलटा: सर्व येणार नाहीत, एखादं राहील. तरी संख्या घटू शकते, युक्तिवाद शाबूत. ग उलटा: एकालाही कळणार नाही. मग भीती जशीच्या तशी, परत कोण आणणार? युक्तिवाद खलास. उत्तर ग.

घाईत घ चं उलट 'एकही पुस्तक परत येणार नाही' असं केलंत, तर तोही युक्तिवाद पाडतो आणि मग दोन्ही बरोबर वाटू लागतात. कोरा_कागद, बहुधा गफलत इथे होत असावी.

---

कोरा_कागद

अगदी हेच होतं. पण घ खरा धरला तर निष्कर्ष पक्का होतो ना? मग तो गृहीत का नाही?

---

उलटतपासणी

पुरेसं आणि आवश्यक यातला फरक. घ खरा असेल तर निष्कर्ष जवळजवळ निघतोच, म्हणजे तो पुरेसा आहे. पण युक्तिवादाला त्याची *गरज* नाही, कमीवरही त्याचं भागतं. 'युक्तिवाद कशावर अवलंबून आहे', 'कोणतं गृहीत आवश्यक आहे' असं विचारलं तर ग. 'पुढीलपैकी काय धरलं तर निष्कर्ष तर्काने निघतो' असं विचारलं तर घ सारखा दणकट पर्याय. हा दुसरा प्रकार एलसॅटमध्ये (अमेरिकेतल्या कायद्याच्या अभ्यासक्रमांची प्रवेश परीक्षा) नेहमी येतो आणि तिथे उलटं करण्याची युक्ती लावायचीच नाही. प्रश्नातलं क्रियापद दोनदा वाचा, 'अवलंबून आहे' की 'धरलं तर निघतो'.

---

अर्धविराम

त्याच उताऱ्यावर तिसरा पर्याय टाकतो:

च) केवळ दंडाच्या धाकाने पुस्तकं परत करणारे, पण आता ती कायमची ठेवून घेतील असे सभासद, पूर्वी भीतीपोटी परत न करणाऱ्यांपेक्षा संख्येने जास्त नसतील.

हा वाचताना विषयाबाहेरचा वाटतो. उताऱ्यात धाकाने परत करणाऱ्यांचा उल्लेखच नाही.

---

खडूफळा

झकास पर्याय. गृहीतकं दोन तऱ्हेची असतात. एक जोडणारं: पुरावा आणि निष्कर्ष यांच्यामधला पूल, वरचा ग तसा. दुसरं राखण करणारं: निष्कर्ष पाडू शकेल अशी एखादी शक्यता दारातच अडवणारं. च हा राखणदार. तो उलटा करा: ठेवून घेणारे जास्त असतील. मग हरवलेल्या पुस्तकांची संख्या वाढेल, निष्कर्ष गेला. म्हणून च आवश्यक आहे.

(काटेकोर बोलायचं तर तुलना पुस्तकांच्या संख्येची हवी, सभासदांच्या नव्हे. एकेकाकडे किती पुस्तकं, त्यावर हिशेब बदलतो. खऱ्या परीक्षेत हा शब्द दुरुस्त केलेला असता.)

राखणदार पर्यायात नवी गोष्ट येणारच, कारण अडवायची शक्यता उताऱ्याबाहेरचीच असते. 'उताऱ्यात नाही' एवढ्या कारणावर तो उडवू नका. यात सहसा 'नाही', 'नसतील', 'पेक्षा जास्त नाही' अशी नकारार्थी रचना असते आणि वाक्य अवघड असतं. जोडणारा चुकीचा पर्याय गुळगुळीत आणि राखणदार बरोबर पर्याय ओबडधोबड अशी जोडी ठेवणं, हा ठरलेला डाव.

---

सावकाश

माझा 'टोकाचे शब्द' नियम मागे घेतो :) पण मग 'विषयाबाहेर' हे कारण कधी वापरायचं?

---

खडूफळा

निष्पन्न होणाऱ्या प्रश्नांत बिनधास्त. बाकी प्रकारांत 'विषय' म्हणजे उताऱ्यातले शब्द नव्हेत, निष्कर्षाचा दावा. पर्याय मंगळावरच्या धुळीबद्दल असला तरी त्याने निष्कर्षाची खात्री वाढली किंवा घटली, तर तो विषयातच आहे. उलट उताऱ्यातले पाच शब्द जसेच्या तसे वापरून निष्कर्षाला स्पर्शही न करणारे पर्याय भरपूर दिसतील. वर ई बघा: रात्रपाळी, कामगार, विश्रांती, सगळं आहे. कामगारांना काय वाटतं याने अपघात ठरत नाहीत.

---

उलटतपासणी

इतर प्रकार थोडक्यात.

विसंगती सोडवा: उताऱ्यात दोन गोष्टी भांडताना दिसतात. चुकीचा जवळचा पर्याय त्यातली एकच गोष्ट फार छान समजावतो. बरोबर पर्याय दोन्ही एकत्र का नांदतात ते सांगतो. 'हे खरं असूनही ते का?' असा प्रश्न स्वतः वाक्यात मांडा आणि पर्याय त्याचं उत्तर म्हणून वाचा.

मूल्यमापन, म्हणजे कोणती माहिती मिळवणं उपयोगी: पर्यायातल्या प्रश्नाची दोन टोकाची उत्तरं घ्या, हो आणि नाही, किंवा 0 टक्के आणि 100 टक्के. एका उत्तराने निष्कर्ष बळकट आणि दुसऱ्याने दुबळा झाला पाहिजे. दोन्ही उत्तरांनी काहीच हलत नसेल तर सोडा.

दोष ओळखा: पर्याय अमूर्त भाषेत असतात, 'एखाद्या परिणामाला त्याचं कारण समजणे' वगैरे. प्रत्येक नामाच्या जागी उताऱ्यातली खरी वस्तू घाला. परिणाम कोणता? कारण कोणतं? जागा भरता आली नाही, तर असं उताऱ्यात घडलेलंच नाही. भरता आली तरी पुढचा प्रश्न उरतो: घडलं ते खरं, पण युक्तिवाद त्यामुळेच बिघडतो का? शेवटच्या दोघांतला चुकीचा पर्याय बहुधा या दुसऱ्या चाळणीत अडकतो.

'वगळता' असलेले प्रश्न: बळकट करणारे चार वगळून उरलेला दुबळा करणाराच असतो असं नाही, निव्वळ निरुपयोगीही चालतो. तीन-चार पर्याय वाचल्यावर डोकं आपोआप मूळ दिशेला वळतं, म्हणून प्रत्येक पर्यायासमोर खूण करत जा.

---

निळी_शाई

वेळेचं गणित कसं बसवायचं? दोघांत अडकलं की दोन मिनिटं कुठे जातात कळत नाही.

---

अर्धविराम

जीमॅटच्या (व्यवस्थापन अभ्यासक्रमांची प्रवेश परीक्षा) सध्याच्या स्वरूपात व्हर्बलचे, म्हणजे भाषा विभागाचे 23 प्रश्न आणि 45 मिनिटं, म्हणजे सरासरी दोन मिनिटांच्याही आत. एलसॅटमध्ये विभागाला 35 मिनिटं आणि साधारण 25 प्रश्न, म्हणजे जवळपास दीडच मिनिट.

दोघांत अडकल्यावर पर्याय पुन्हा पुन्हा वाचण्यात सगळ्यात जास्त वेळ जातो. तिसऱ्यांदा वाचून पर्यायात नवं काही उगवत नाही. त्याऐवजी निष्कर्षाचं वाक्य एकदा वाचा, दोन पर्यायांतला वेगळा शब्द पकडा, त्या शब्दाने निष्कर्षाला फरक पडतो का ते विचारा. याला 20 ते 30 सेकंद द्या. नाही जमलं तर एक निवडा आणि पुढे चला. जीमॅटमध्ये प्रश्नावर खूण करून ठेवता येते आणि विभागाच्या शेवटी वेळ उरला तर जास्तीत जास्त तीन उत्तरं बदलता येतात.

उणे गुणांची भीती असेल तर हिशेब करा. कॅटच्या (आयआयएमच्या प्रवेश परीक्षेच्या) बहुपर्यायी प्रश्नात बरोबरला 3, चुकीला उणे 1. दोन पर्याय उरले असताना नुसता अंदाज केला तरी सरासरी फायदाच हाती येतो: अर्धे 3 वजा अर्धा 1, म्हणजे अधिक 1. तीन उरले तर अधिक एक तृतीयांश. चारही शिल्लक असतील तेव्हाच शून्य. म्हणजे दोघांत अडकून प्रश्न कोरा सोडणं हा तोट्याचा सौदा आहे. एलसॅटमध्ये तर चुकीला दंडच नाही.

---

कोरा_कागद

सराव कशावर करावा? इंटरनेटवर फुकट मिळणाऱ्या काही प्रश्नांत दोन पर्याय खरोखरच बरोबर वाटतात.

---

खडूफळा

कारण त्यातले काही खरोखरच तसे असतात. जवळच्या पर्यायांचा सराव परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्या जुन्या प्रश्नांवरच करा. एलसॅटच्या सूचनांमध्ये एकाहून अधिक पर्याय उत्तर होऊ शकतील, त्यातला सर्वोत्तम निवडा, अशा अर्थाचं वाक्य असायचं. तरी प्रत्यक्षात चुकीच्या पर्यायातला उसवलेला टाका दाखवता येतो. ऐऱ्यागैऱ्या प्रश्नांत तो नसतो आणि आपली नजर उगाच बिघडते.

चुकांची वही ठेवणार असाल तर 'उत्तर आ, मी अ लिहिलं' हे नोंदवून काही उपयोग नाही. तीन रकाने करा: चुकीचा पर्याय मला का भुलवून गेला, बरोबर पर्याय मी कोणत्या शब्दामुळे नाकारला, आणि दोघांत फरक करणारा शब्द कोणता. मधला रकाना लोक गाळतात, पण सगळा माल त्यातच असतो. तीस-चाळीस नोंदी झाल्या की आपण राखणदार पर्यायांना विषयाबाहेरचे म्हणतोय, की 'काही' आणि 'बहुतेक' यांना एकाच मापात मोजतोय, हे उघडं पडतं.

---

निळी_शाई

पहिल्या प्रश्नाची नोंद या रकान्यांत करून बघते. भुलवलं: दुसरा गट दिसला की तुलना आपोआप पक्की वाटली. नाकारलं: 'कामाचे एकूण तास' हे उताऱ्यात नव्हतं म्हणून विषयाबाहेर धरलं. फरक करणारा शब्द: 'काही प्रमाणात'.

---

उलटतपासणी

पहिले दोन रकाने बरोबर. तिसऱ्यात अजून एक जोडा: निष्कर्षातला 'सुरक्षित'. 'काही प्रमाणात'ने अ ढिला पडतो, पण आ जिंकतो तो 'सुरक्षित' या शब्दावर. उताऱ्यात 'नियमामुळे अपघातांची संख्या घटली' एवढंच म्हटलं असतं, तर आ फक्त पर्यायी कारण म्हणून उभा राहिला असता. मग 40 चे दोन तृतीयांश म्हणजे सुमारे 27, प्रत्यक्षात झाले 28, सगळी घट तासांनीच झाली, हा हिशेब मांडावा लागला असता.